मुत्तीचं वय

चौथा थेंब फाटला.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर चार म्हशींचे चार थेंब होते. सकाळी काढलेलं रक्त तासभर निवळत ठेवून डॉक्टरीणबाईंनी वरचं पाणी घेतलं होतं. प्रत्येकात गुलाबी औषधाचा एकेक थेंब सोडून त्या फरशी अलगद झुलवत होत्या, सुपातली ज्वारी झुलवावी तशी. तीन थेंब गुलाबीचे गुलाबीच राहिले, गुळगुळीत. चौथ्यात मात्र दाणे दाणे दिसायला लागले. तापल्या दुधात लिंबू पिळल्यासारखे.

"फाटलं की," गुरम्मा म्हणाल्या.

"चौथी कोणती?" वैजयंती डॉक्टरांनी विचारलं.

"मुत्ती," गुरम्मांचा मुलगा संगमेश म्हणाला, आणि आईकडं बघायचं टाळून गोठ्याकडं बघायला लागला.

कुंभारीच्या दूध संकलन केंद्रावर परवा गुरम्मांच्या घरचा कॅन बाजूला काढला होता. दुधात निळा रंग टाकून बघितला तर वरच्या सायीला निळं कडं आलं, म्हणजे रोगाचा संशय. गुरम्मांच्या घरचं दूध आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं. संगमेश रिकाम्या हातानं आला असता तर चाललं असतं, पण भरला कॅन परत घेऊन आला, आणि तोही शेजारच्या राजाबाईच्या दारावरून. तेव्हापासून गुरम्मांचं बूड एका जागी टेकलं नव्हतं. चुलीपाशी जायच्या, तिथून गोठ्यात, गोठ्यातून दारात. भाकरी थापता थापता मध्येच उठून खुंटा हलवून बघायच्या. खुंट्याचं काय बिघडलं होतं!

"अज्जी, याला ब्रुसेला म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. मोहोळकडची पोरगी, वयानं गुरम्मांच्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, पण बोलणं मोजून मापून.

"बुरशी? माझ्या घरात बुरशी न्हाय हां डाक्टरीणबाई. लोणच्याच्या बरणीत बी कदी धरली न्हाय."

"बुरशी नाही. जंतू. गाभण जनावर सात-आठ महिन्यांचा गाभ टाकतं. आणि माणसालाही लागतो. कच्च्या दुधातून, व्यायल्यावर वार काढताना हाताला."

ओसरीवर शिवानी बसली होती. गुरम्मांची नात, मैंदर्गीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आलेली. सातवा सरत आला होता. तिच्या हातात स्टीलचा पेला होता आणि पेल्याच्या काठाला फेस. काशी म्हशीचं, आचळाखालून थेट पेल्यात धरलेलं, अजून कोमट. नातीचं पाऊल घरात पडल्यापासून गुरम्मांनी रोज सकाळी हा पेला स्वतःच्या हातानं भरला होता. "दूध तापवलं की त्याचा जीव जातो," हे त्यांचं वाक्य घरात तीस वर्षं चालत होतं, आणि त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

डॉक्टरांनी मोबाइल काढला, मुत्तीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर घातला. "लस झालेली आहे. शिवरात्रीच्या आसपास, तीन वर्षांपूर्वी. तेव्हाचं वय सात महिने." त्यांनी मान वर केली. "ही लस चार ते आठ महिन्यांच्या पारडीलाच देतात. वेळेवर दिली की तिची खूण रक्तातून पुढं पुसून जाते. थोराड जनावराला दिली तर खूण वर्षानुवर्षं राहू शकते, आणि आमची टेस्ट फसते. रोग नसताना रोग दाखवते. पण हिला वेळेवर दिलीय. म्हणजे हे लसीचं नव्हे. रोगाचंच."

"मग?"

"मुत्तीला वेगळं काढा. दूध कुणी घ्यायचं नाही, विकायचं नाही. म्हैसही विकायची नाही. पक्कं करायला रक्त पुढं पाठवते, पण मला फारशी शंका नाही."

मुत्ती गव्हाणीतून मान वर काढून बघत होती. तलवारीसारखी मागं गेलेली शिंगं, काळं कुळकुळीत अंग, गळ्यात पितळी घंटा. ती घंटा बक्षिसाची. जनावरांच्या प्रदर्शनात 'वर्षाच्या आतली पारडी' या गटात मुत्ती पहिली आली होती. राजाबाईची पारडी दुसरी. त्यानंतर वर्षभर गुरम्मा विहिरीवर, दळपाला, लग्नाच्या पंगतीत एकच गोष्ट सांगत होत्या, "माझ्या घरची पारडी नवव्या म्हैन्यात कंबरंला लागती. खायला घालावं लागतं बाई, नुसतं गोंजारून हुत न्हाय."

आता ती घंटा वाजली आणि गुरम्मांनी तिच्याकडं पाठ फिरवली.

कारण मुत्ती तेव्हा सात महिन्यांची नव्हती. ती जन्मली मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या पहाटे. शेतात पूजेला न्यायचं आंबिल ढवळता ढवळता गुरम्मा तशाच उठून गोठ्यात धावल्या होत्या. तिथून एक शिवरात्र गेली, दुसरी आली, तेव्हा लस टोचणारा दारात उभा राहिला. म्हणजे चौदा महिने. तो म्हणाला, आठ महिन्यांच्या वरच्यांना लस नाही. राजाबाईच्या पारडीला मिळणार आणि आपल्या मुत्तीला नाही? आणि तसंही, वाढत्या पोरीचं आणि वाढत्या पारडीचं खरं वय कुणाला सांगू नये, दृष्ट लागते, हे गुरम्मांच्या आईनं त्यांना सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. "सात म्हैन्याची हाय," त्या म्हणाल्या. लसवाला मुत्तीकडं बघतच राहिला. "एवढी?" "मग? माझ्या घरचं दूध पितीया." तिथून जी गोष्ट सुटली ती प्रदर्शनाच्या मांडवापर्यंत पोचली. लस टोचल्याच्या कार्डावर वय लिहिलेलं होतं, मग पंच तरी काय बघणार.

डॉक्टर फरशी पुसत होत्या. गुरम्मा ओसरीच्या खांबापासून दारापर्यंत गेल्या, दारातून परत खांबापाशी. पदर खोचला, काढला, पुन्हा खोचला.

"अव्वा, बस की जरा," संगमेश म्हणाला.

"तू गप."

शेवटी त्या डॉक्टरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "डाक्टरीणबाई. तवा ती सात म्हैन्याची न्हवती. चौदा म्हैन्याची हुती."

डॉक्टरांचा हात थांबला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते गुरम्मांना अपेक्षित नव्हतं. त्या दमल्यासारखं हसल्या.

"अज्जी, म्हैस जायची म्हटलं की घरोघरी वय बदलतं. कालच एका घरी चार वर्षांची म्हैस माझ्या डोळ्यांदेखत दोन वर्षांची झाली."

"मी खोटं बोलते म्हणता?"

"तेव्हा बोलला होता असं तुम्हीच म्हणताय. मग आता बोलत नाही हे मी कशावरून धरू?"

आयुष्यात पहिल्यांदा गुरम्मांच्या तोंडाला तोंड मिळालं होतं. संगमेश मात्र भलत्याच ठिकाणी अडकला होता. "अव्वा, मग ते बक्षीस गं?"

भिंतीपलीकडं भांडं आपटल्याचा आवाज झाला. राजाबाईचं डोकं वर आलं. ती केव्हापासून तिथं भांडी घासत होती देव जाणे. "काय म्हणालीस गुरम्मा? चौदा? आगं, माझी पारडी नऊ म्हैन्याची हुती! खरीखुरी!"

गुरम्मांनी तिच्याकडं बघितलं नाही. मुत्तीपाशी गेल्या, गळ्यातला दोर सोडला, घंटा काढली आणि भिंतीवर ठेवली. "घे. तुजीच हाय. आता पुरे कर, हितं कामाचं बोलनं चाललंय."

राजाबाईनं घंटा उचलली नाही. पण खालीही बसली नाही.

डॉक्टरांनी मुत्तीचा जबडा उघडून दात बघितले. "दात सहा-सात महिने मागंपुढं होतात. यावरून ठरत नाही. अज्जी, मला नुसता तुमचा शब्द धरून चालत नाही. आणि नुसती माझी टेस्टही धरून चालत नाही. खरं सांगू, रिपोर्टचा अर्धा कागद मी आणते, अर्धा तुमच्या घरात असतो. जनावर कधी जन्मलं, काय टोचलं, कधी काय टाकलं. तुमचा अर्धा खोटा निघाला की माझाही वाया."

"म्हंजी पोरगी बघायला गेल्यासारखं," गुरम्मा म्हणाल्या.

"कसं?"

"ही चंद्रिका," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातल्या सुनेकडं बोट केलं, "हिला करून आनली तवा मी हिच्या आईला काय विचारलं न्हाय. आई काय, ग्वाडच बोलनार. शेजारनीला विचारलं. पर एका शेजारनीवर भागत न्हाय. म्हनून दुसरीला. तर त्या दोगी निगाल्या सख्ख्या जावा! एक जे बोलली तेच दुसरी. दोन तोंडं, साक्ष एकच. मग मी कासाराला गाटलं. त्यो बांगड्या भरायला घरात जातो, हात बघतो, राग बघतो, आन त्येला कुनाच्या लग्नाचं काय पडलेलं नसतं."

"मग कासारानं काय सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हनाला, पोरगी चांगली हाय, हट्टी हाय."

"आनि तरी केलीसा," चंद्रिका दारातून म्हणाली.

"हट्टी पायजेच हुती. माज्या हाताखाली दुसरी टिकली असती व्हय?"

डॉक्टर यावेळी मोकळं हसल्या. "अज्जी, आम्हाला कॉलेजात हे शिकवायला एक अख्खं सत्र लागलं. रक्ताच्या दोन टेस्ट म्हणजे तुमच्या त्या जावा. एक चुकली की दुसरीही त्याच कारणानं चुकू शकते. वेगळ्या वाटेनं आलेली साक्ष लागते." मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "बरं, मला एक सांगा. या गोठ्यात कुठली म्हैस कधी गाभडली? पाच वर्षांत?"

"न्हाय," संगमेश पटकन म्हणाला. त्याला तसंच सांगितलेलं होतं. चंद्रिकेनं खाली बघितलं.

गुरम्मांची नजर शिवानीच्या पेल्यावर होती. पेला निम्मा संपला होता. शिवानीनं तो तोंडाजवळ नेला.

"ठेव ते खाली."

"का गं अज्जी?"

"ठेव म्हनते न्हवं!"

पेला ओसरीवर आपटला, थोडं दूध सांडलं. गुरम्मा सांडलेल्या दुधाकडं बघत राहिल्या. मग डॉक्टरांच्या समोर, शेणानं सारवलेल्या अंगणात, त्या खाली बसल्या. परवापासून पहिल्यांदाच.

"काशीनं टाकलं हुतं. दोन सालांमागं, घटाच्या आदल्या आटवड्यात. आठवा चालू हुता. ही दोगं लग्नाला गेलती, घरात मी एकटीच. वार मी हातानं काढली, उकिरड्याच्या मागं सगळं पुरलं. गावात सांगितलं, पुऱ्या दिसांचं झालं, पर पडून मेलं."

"अव्वा!" संगमेश म्हणाला. हे त्यालाही पुरतं माहीत नव्हतं. गाभडली असं बोलायचं नाही, एवढंच माहीत होतं.

"काय अव्वा? गुरम्माच्या गोठ्यात म्हैस गाभडली, हे कुनाच्या तोंडानं ऐकू? तिच्या?" त्यांनी भिंतीकडं मान झटकली. भिंतीवरचं डोकं खाली गेलं. "काशीला मी जलमल्यापासनं बघतेय. पारडी हुती तवा ताप आला तर माज्या लुगड्याखाली निजवलीय. तिला कुनाला कशी नावं ठेवू दीन?"

"काशीचा थेंब तर चांगला होता," डॉक्टर फरशीकडं बघत हळू म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "पण एक 'नाही' म्हणजे नाही नव्हे. जुना रोग कधी कधी रक्तात गप्प बसतो. चार पेले आणा. चारही म्हशींचं दूध वेगवेगळं. मिसळू नका."

कॅनमध्ये चौघींचं दूध एक होत होतं, म्हणून कडं कुणाचं हे कुणाला कळलंच नव्हतं. आता चार काचेच्या नळ्या कोमट पाण्याच्या पातेल्यात उभ्या राहिल्या. प्रत्येकीत निळ्या औषधाचा थेंब. दूध चारही नळ्यांत फिकं निळं झालं.

"तासभर लागेल. साय वर येईपर्यंत."

तो तास गुरम्मांनी कसा काढला ते गोठ्यातल्या जमिनीला विचारावं. काशीपुढची वैरण त्यांनी दोनदा काढली, दोनदा घातली. तिच्या कानातल्या गोचड्या बघितल्या, एकही नव्हती. दर थोड्या वेळानं पातेल्यापाशी यायच्या, वाकायच्या, परत जायच्या. काशी शांत रवंथ करत होती. तिला चौदावं चालू होतं, शिंगांना पांढरी झाक आली होती, आणि गुरम्मा जिकडं जातील तिकडं तिचा एक कान वळत होता.

"अज्जी, या," डॉक्टरांनी हाक मारली.

तीन नळ्यांत वर पांढरी साय होती, खाली निळं दूध. मुत्तीचीही तशीच. काशीच्या नळीत उलटं झालं होतं. खालचं दूध पांढरंशुभ्र, आणि वर बोटभर साय निळीजांभळी. तिच्या दुधाची साय नेहमीच सगळ्यांत जाड. निळी झाली तरी जाडच.

"मुत्तीचं रक्त 'हो' म्हणतंय, दूध 'नाही'. काशीचं रक्त 'नाही' म्हणतंय, दूध 'हो'," डॉक्टर म्हणाल्या. "दोघींचं रक्त मोठ्या लॅबला पाठवते, मुत्तीचं सहा आठवड्यांनी पुन्हा. लस असेल तर आकडा तिथंच राहील, रोग असेल तर चढेल. पण मला वाटतं मुत्ती सुटेल."

"मगाशी इस्वास न्हवता."

"मगाशी तुम्ही म्हशीला वाचवायला बोलत होता. आता बोललात त्यात तुमची म्हैसच जातेय." डॉक्टरांनी नळ्या उचलल्या. "जी बाई स्वतःविरुद्ध साक्ष देते, तिची आधीची साक्षही मी खरी धरते."

गुरम्मा शिवानीकडं वळल्या. काही तरी टोचून बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "ऊठ. सरकारी दवाखान्यात जायचंय. रगत तपासायला. मी बी येते. ह्या बयेनं सांगितलंय सगळ्यांनी जायचं."

दवाखान्यात शिवानीचं रक्त चांगलं निघालं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हाही. गुरम्मांना मात्र गोळ्या लागल्या. दोन वर्षं संध्याकाळी येणारी कणकण आणि गुडघ्यांची ठणक त्या वयावर घालत होत्या. कागद लिहिणाऱ्या मुलीनं वय विचारलं. आधार कार्डावर बासष्ट होतं. "ल्ही, अडुसष्ट," गुरम्मा म्हणाल्या, "न्हायतर गोळी चुकंल."

त्या दिवसापासून घरात दूध उकळायला लागलं. चंद्रिका तीनदा ऊत येऊ द्यायची, सासूच्या देखत.

दोन महिन्यांनी डॉक्टर कागद घेऊन आल्या. मुत्तीचा आकडा होता तिथंच होता. मोठ्या तपासणीत ती निरोगी. काशीच्या कागदावर काय आहे ते त्यांनी वाचून दाखवायच्या आधी गुरम्मांनी हात वर केला. "कळालं."

दुसऱ्याच दिवशी मायाप्पा आला. जनावरांचा दलाल, अक्कलकोटच्या बाजूचा. त्याला वास कसा लागतो कोण जाणे. काशी आता परड्याच्या टोकाला, चिंचेखाली, वेगळ्या खुंट्यावर होती.

"वयनी, ही म्हातारी कशाला पोसताय? देऊन टाका की. कागद नगं, बिल्ला नगं. मी हद्दीपलीकडं नेतो, कुनी इचारत न्हाय." मग सवयीनं विचारलं, "कितीची असंल? दहा?"

संगमेश आईकडं बघत होता. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला होता.

"चौदा," गुरम्मा म्हणाल्या, भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात. "गाभडलेली हाय. रोगाची हाय. दूध बाद हाय. न्हेतोस? न्हे. पर ज्येला इकशील त्येला हे तिन्ही सांगून इक."

मायाप्पा हसला, मग हसायचं राहून गेलं. चहा न घेताच उठला.

संध्याकाळी काशी हंबरली. कास भरून आली होती. आटेपर्यंत तिला पिळावं लागणारच होतं, न पिळलं तर कास दुखते. गुरम्मांनी डॉक्टरांनी दिलेले रबरी हातमोजे घातले, चरवी घेतली आणि चिंचेखाली जाऊन बसल्या. बाजूला खड्डा होता, खड्ड्यात कळीचा चुना.

त्यांनी आचळाला हात लावला आणि काशीनं पाय झाडला. चरवी कलंडली. पुन्हा हात लावला, तिनं अंग चोरलं. दहा वर्षांत जिनं कधी पान्हा चोरला नव्हता ती मान मागं वळवून बघत होती, हे कुणाचे हात म्हणून.

गुरम्मांचा हात मोज्याच्या काठाशी गेला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी हात खाली घेतला.

"हाताला वळखत न्हाईस व्हय," त्या म्हणाल्या. "तोंडाला तरी वळख." आणि नेहमीसारखं कपाळ तिच्या बरगडीला टेकवून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलायला लागल्या. "बा अव्वा, बा. ये गं. मीच हाय. गुरम्मा."

काशीचा कान वळला. पाय जमिनीवर टेकले. मग पहिली धार चरवीच्या तळाशी वाजली, दुसरी, तिसरी, आणि थोड्या वेळानं आवाज जाड झाला, फेस आला.

चरवी भरल्यावर त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, आणि दूध खड्ड्यात ओतलं. चुना फसफसला, वाफ निघाली, आणि पांढऱ्यावर पांढरं पसरत गेलं.